थर्मल लॅबमधली शिट्टी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. गेल्या टर्मला रात्री साडेनऊच्या सुमाराला बी ब्लॉकच्या मागून एक कर्णकर्कश शिट्टी यायची. पंधरा-वीस सेकंद वाजायची, बंद पडायची, आणि तुम्ही पुन्हा पुस्तकात डोकं घालताय तोवर परत सुरू! कुणी म्हणालं मेसचा कुकर, कुणी म्हणालं मेकॅनिकलवाल्यांनी बॉयलर फोडला. रेक्टर सरांकडे दोन लेखी तक्रारी गेल्या. त्यातली एक माझ्याच रूम पार्टनरची होती, हे मला नंतर कळलं.

तर मंडळी, ती शिट्टी आमची. म्हणजे आम्हा चौघांच्या फायनल इयर प्रोजेक्टची. माफी मागून झाली. आता ती शिट्टी नेमकं कोण वाजवत होतं ते सांगतो. कारण ते कळायला आम्हाला दीड महिना लागला, आणि तोवर आम्ही भलत्यालाच चोर समजून धरून ठेवलं होतं.

मांडणी

साहित्य अगदी साधं. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर, २५० लिटरची टाकी, एक रेग्युलेटर, आणि त्याच्यापुढे लेथवर टर्न केलेलं १० मिलिमीटर तोंडाचं पितळी नॉझल. नॉझलच्या तोंडापासून ४० मिलिमीटर खाली एक लोखंडी प्लेट. हवा सोडायची, ती प्लेटवर आपटायची, आणि काय होतं ते बघायचं. टाकी भरायला चार मिनिटं, रिकामी व्हायला वीस सेकंद. म्हणूनच शिट्टी थांबून थांबून वाजायची.

आता 'सुपरसॉनिक' म्हटलं की आपल्याला काँकॉर्ड किंवा मिग आठवतं. पण फ्लुइड मेकॅनिक्सच्या सिलॅबसमध्ये एक आकडा आहे, जो आपण परीक्षेपुरता पाठ करतो: १.८९. नॉझलच्या आतला दाब बाहेरच्या दाबाच्या १.८९ पट झाला की तोंडाशी हवा ध्वनीचा वेग गाठते. दाब त्याहून वाढवला तर तोंडाबाहेर पडल्यावरही हवेत दाब शिल्लक असतो. ती बाहेर फुलते आणि ध्वनीपेक्षा जोरात धावू लागते. म्हणजे पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरसुद्धा सुपरसॉनिक जेट काढू शकतो!

आम्ही आतला दाब बाहेरच्या चौपट ठेवला होता. गणित केलं तर जेटचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ४४५ मीटर, म्हणजे ताशी सोळाशे किलोमीटर. ही सगळी गतीची ऊर्जा हवा स्वतःच्या उष्णतेतून काढते, त्यामुळे जेटचं तापमान उणे सत्तर अंशांपर्यंत उतरतं. ऐन मार्चमध्ये त्यात पांढरं धुकं दिसायचं, ते हवेतल्या बाष्पाचं.

पहिला संशयित

पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला आणि जी शिट्टी वाजली, तिने आम्ही चौघंही दचकलो. मोबाईलवरच्या स्पेक्ट्रमच्या अ‍ॅपमध्ये ११ ते १२ किलोहर्ट्झच्या मध्ये एक सुळका उभा राहिला होता. सुसाट वाऱ्याचा नुसता 'सूंऽऽ' नव्हे, एकच ठाम सूर.

आमचं निदान तयार होतं: प्लेट थरथरतेय. झांजेवर काठी मारावी तशी. म्हणून ६ मिलिमीटरची प्लेट काढून १२ची बसवली. सूर तोच. चार बोल्टच्या जागी आठ बोल्ट. सूर तोच. खाली रबर घातलं. तोच! मग कुणीतरी म्हणालं रेग्युलेटर वाजतोय. तो बदलण्यात एक आठवडा आणि पॉकेटमनी गेला.

एका संध्याकाळी चुकून प्लेट चार मिलिमीटर खाली सरकली आणि सूर बदलला. मग आम्ही मुद्दाम सरकवून पाहिलं. प्लेट हळूहळू लांब नेली की सूर हळूहळू खाली उतरतो. उतरतो, उतरतो, आणि एका जागी टुणकन वर उडी मारतो. पुन्हा उतरायला लागतो. प्लेट स्वतः वाजत असती तर तिला नॉझलपासूनच्या अंतराशी काय देणंघेणं? म्हणजे चोर प्लेटमध्ये नव्हता, मधल्या ४० मिलिमीटरमध्ये होता. पण तिथे तर फक्त हवा. आणि हवा दिसत नाही.

हवा दिसते का?

दिसते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबची एस.टी. पाण्यातून आल्यासारखी हलते, ती कशामुळे? गरम हवा विरळ, थंड हवा दाट, आणि दोन्हींच्या सीमेवर प्रकाश किंचित वाकतो. ही वाकण्याची खूण पकडायची युक्ती म्हणजे 'श्लीरेन'. मूळ जर्मन शब्द, अर्थ साधारण रेघोट्या. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने (हो, तोच स्प्रिंगवाला हुक) मेणबत्तीवरची गरम हवा अशा तऱ्हेने पाहिली होती. पण त्याला पद्धतीचं रूप दिलं ते जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट टोपलर यांनी, १८६४ मध्ये.

युक्ती अशी. एक चांगला अंतर्गोल आरसा घ्या. त्याच्या वक्रतेच्या केंद्राजवळ एक बारीक प्रकाशबिंदू ठेवा. आरसा तो प्रकाश परत तिथेच गोळा करतो. बरोबर त्या जागी दाढीचं ब्लेड असं लावा, की निम्मा प्रकाश अडेल. त्याच्या मागे कॅमेरा. आता आरशासमोर हवेत कुठेही दाट-विरळ झालं की तिथून जाणारा किरण केसभर वाकतो. ब्लेडकडे वाकला तर अडतो आणि चित्रात ती जागा काळी दिसते. ब्लेडपासून दूर वाकला तर ती जागा उजळते. झालं! दिसत नव्हती ती हवा काळ्या-पांढऱ्यात समोर उभी.

आमच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमी क्लबकडे दुर्बिणीसाठी घासलेला १५० मिलिमीटरचा आरसा होता. वक्रतेची त्रिज्या २.४ मीटर, त्यामुळे लॅबमधलं टेबल पुरेना आणि कॅमेरा स्टुलावर ठेवावा लागला. पंखे बंद, दार बंद. पहिल्याच रात्री एक धडा मिळाला. प्लेटवरून चहूबाजूंना पसरणाऱ्या हवेने कॉम्प्रेसरच्या तेलाचे बारीक शिंतोडे आरशावर बसवले. क्लबवाल्यांची बोलणी खाल्ली, मध्ये पत्रा उभा केला आणि लाइनमध्ये ऑइल फिल्टर बसवला.

चित्र मात्र बघत राहावं असं. जेटच्या पोटात शंकरपाळ्यांसारखे चौकोन एकाखाली एक. जेट बाहेर पडताना जास्त फुलतं, मग बाहेरची हवा त्याला दाबते, पुन्हा फुलतं, पुन्हा दाबलं जातं. त्या शॉक वेव्हजच्या जाळीतून या शंकरपाळ्या होतात. प्लेटच्या किंचित वर एक आडवी शॉक वेव्ह. ध्वनीपेक्षा जोरात येणाऱ्या हवेला पुढे भिंत आहे हे आधी कळत नाही, कारण बातमी ध्वनीच्या वेगानेच जाते. त्यामुळे ती अगदी प्लेटच्या तोंडाशी येऊन करकचून ब्रेक मारते. ती आडवी रेघ म्हणजे त्या ब्रेकची खूण.

ही चित्रं जगाला नवीन नाहीत. १८८६ मध्ये पीटर साल्शर यांनी फ्यूमे इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेका शहरात, बंदुकीच्या गोळीपुढच्या शॉक वेव्हचे फोटो काढले. कल्पना होती प्रागच्या अर्न्स्ट माख यांची. ज्यांच्या नावाने आपण 'मॅक नंबर' म्हणतो तेच हे. त्याच गावात व्हाइटहेडचा टॉर्पेडोचा कारखाना होता, टॉर्पेडोसाठी दाबलेली हवा तिथे तयारच असायची. साल्शर यांनी त्या हवेची जेट्ससुद्धा तपासली. फ्लॅश कसला? विजेच्या ठिणगीचा.

एका सेकंदाचे तुकडे

पण आमच्या फोटोत शंकरपाळ्या स्वच्छ आणि जेटची कड मात्र पुसट, ब्रशने फासल्यासारखी. शिट्टीचा मागमूस नाही. कारण उघड होतं. १२ किलोहर्ट्झच्या आसपासचा सूर म्हणजे एक आवर्तन सुमारे ८४ मायक्रोसेकंदांचं. मोबाईलचा स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या वेळात जवळपास पन्नास आवर्तनं होऊन जातात. आपण क्रिकेटची मॅच बघतोय, पण दर आठ ओव्हर्सनंतर एकच फोटो मिळतोय, असा प्रकार.

दुसरी अडचण शटरची. जेटच्या कडेचे भोवरे सेकंदाला जवळपास २९० मीटर धावतात. एका मायक्रोसेकंदात ते ०.२९ मिलिमीटर सरकतात, तेवढं चालतं. पण मोबाईलच्या शटरने समजा पन्नास मायक्रोसेकंद घेतले, तर भोवरा साडेचौदा मिलिमीटर सरकतो, म्हणजे नॉझलच्या तोंडापेक्षाही जास्त. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत: फोटो किती झटपट घेतला, आणि लागोपाठ किती घेतले. आम्ही सुरुवातीला या दोन्हींची खिचडी केली होती.

पहिलीवर उपाय होता. ई अँड टीसीच्या एका मित्राने एलईडीला एक मायक्रोसेकंदाचा झटका देणारं सर्किट बनवलं. तेवढ्यात जो प्रकाश पडेल तोच फोटो. दुसरीवर उपाय म्हणून आम्ही थोडी लबाडी केली. शिट्टी एकसारखी वाजत असेल तर प्रत्येक आवर्तन सारखंच असणार. म्हणून माइकने शिट्टी ऐकायची, आणि तिच्या तालावर एलईडी लावायचा. आधी बरोबर तालावर, मग ७ मायक्रोसेकंद उशिरा, मग १४, मग २१. अशा बारा पायऱ्या, बारा फोटो, एक आवर्तन पूर्ण. वर्कशॉपमध्ये स्ट्रोबोस्कोपखाली फिरणारा फॅन 'थांबवतो' ना, अगदी तसंच.

शिट्टीचं वर्तुळ

ते बारा फोटो एकापाठोपाठ एक लावले आणि रात्री दीड वाजता आम्हाला चोर दिसला.

नॉझलच्या ओठापाशी जेटच्या कडेला एक बारीक भोवरा जन्मतो. खाली जाताना मोठा होतो. प्लेटवर आपटतो. आपटल्या जागेतून आवाजाची एक कमान उठते आणि जेटच्या बाहेरून, शांत हवेतून वर चढते. ती नॉझलच्या ओठापाशी पोचते, तिथल्या नाजूक कडेला धक्का देते, आणि त्या धक्क्यातून पुढचा भोवरा जन्मतो. भोवरा खाली, आवाज वर. भोवरा खाली, आवाज वर. सभागृहात माइक स्पीकरच्या समोर नेला की 'कूंऽऽ' होतं ना, तोच खेळ. फक्त इथे वायर नाही, हवाच वायर आहे.

आता हिशोब जुळतो का बघू. भोवऱ्याला ४० मिलिमीटर उतरायला सुमारे १३८ मायक्रोसेकंद. आवाजाला तेवढंच वर चढायला सुमारे ११५. एक फेरी २५३ मायक्रोसेकंदांची. सूर टिकायचा तर एका फेरीत पूर्ण संख्येतच लाटा बसायला हव्यात: दोन, तीन, चार, पण साडेतीन नाही. तीन बसवा, उत्तर येतं साधारण ११,८५० हर्ट्झ. अ‍ॅपमधला सुळका तिथेच होता!

आणि ती टुणकन उडी? प्लेट लांब नेली की फेरी लांबते, सूर उतरतो. फार लांबली की तीनऐवजी चार लाटा बसणं सोयीचं होतं आणि सूर वर उडी घेतो. दीड महिना छळणारं कोडं दोन ओळींत सुटलं. प्लेट नसतानाही सुपरसॉनिक जेट अशी शिट्टी वाजवू शकतं. तिथे प्लेटचं काम त्या शंकरपाळ्याच करतात. हे अ‍ॅलन पॉवेल यांनी १९५३ मध्येच उलगडून दाखवलं होतं.

पण आमच्या लबाडीत एक खोट आहे, आणि व्हायवात एक्स्टर्नल सरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "तुमचे बारा फोटो बारा वेगवेगळ्या भोवऱ्यांचे आहेत. या भोवऱ्याने ती कमान उठवली, हे तुम्ही पाहिलंत कुठे? तुम्ही गृहीत धरलंय." बरोबर आहे. स्ट्रोब फक्त पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट दाखवतो. सूर उडी मारतो त्या क्षणी ताल तुटतो आणि आमचं सर्किट आंधळं होतं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवायचं तर एकाच भोवऱ्याचा जन्मापासून शेवटपर्यंत लागोपाठ पाठलाग हवा. त्यासाठी खराखुरा हाय-स्पीड कॅमेरा लागतो.

जपानच्या शिमाझू कंपनीचा एचपीव्ही-१ हा कॅमेरा सेकंदाला १० लाख फ्रेम घ्यायचा. चित्र ३१२ बाय २६० पिक्सेलचं, आणि एका वेळी फक्त १०२ फ्रेम. एवढ्याच का? १० लाख फ्रेम म्हणजे सेकंदाला ८,१०० कोटी पिक्सेल. इतका डेटा चिपमधून बाहेर काढणारी वायरिंग कुठून आणणार? म्हणून त्यात प्रत्येक पिक्सेलच्या शेजारीच साठवणीच्या छोट्या खोल्या केल्या. आधी सगळं आतच भरायचं, बाहेर निवांत काढायचं. आपल्या शर्टाचा खिसा भरला की शूटिंग संपलं, तसं. पूर्ण वेगाने १०२ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे आमच्या शिट्टीचं एक आवर्तन आणि थोडंसं. पूर्ण फेरी हवी तर वेग कमी करायचा. सगळं एकदम मिळत नाही, हे इंजिनिअरिंगमध्ये नवीन नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या मिचेल, हॉनरी आणि सोरिया यांनी २०१२ मध्ये अशाच अतिवेगवान श्लीरेन चित्रणातून प्लेटवर आपटणाऱ्या जेटमधली ही फेरी क्रमाने दाखवली. आम्ही ज्याचा अंदाज केला ते त्यांनी पाहिलं होतं.

वर्तुळ तोडायचं कुठे?

फेरी दिसली की ती कुठे तोडायची तेही दिसतं. आम्ही आठ बोल्ट लावले ते प्लेटला, आणि नाजूक जागा होती नॉझलचा ओठ! तिथे पितळेचे दोन छोटे त्रिकोणी तुकडे सोल्डर केले, जेटच्या कडेत जेमतेम दोन मिलिमीटर घुसणारे. व्हॉल्व्ह उघडला. 'सूंऽऽ' होता, शिट्टी गायब! भोवरे आता एका कड्यासारखे एकदम सुटत नव्हते, त्यांची रांग मोडली होती. बारा रुपयांच्या पितळेने ते केलं जे बारा मिलिमीटरच्या प्लेटने केलं नाही.

हीच कल्पना मोठ्यांनी जास्त सफाईने वापरली आहे. फ्लोरिडात अल्वी, क्रोथापल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नॉझलच्या ओठाभोवती बारीक मायक्रोजेट्सचं कडं लावून हा सूर दाबून दाखवला. पितळेचा तुकडा कायम आडवा येतो. हवेचा तुकडा हवा तेव्हा बंद करता येतो.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या नौदलाची सी हॅरियर विमानं १९८३ पासून गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर होती, २०१६ मध्ये निवृत्त झाली. 'विराट'च्या डेकवर ती उभीच्या उभी उतरायची. अशा विमानाची जेट्स खाली आपटून पसरतात, आजूबाजूची हवा ओढून नेतात, आणि विमानाच्या पोटाखालचा दाब कमी होतो. नेमकं उतरताना विमान खाली खेचलं जातं. त्यात ही शिट्टी लागली तर ओढ वाढते, आणि पत्र्याला सेकंदाला हजारो वेळा झटके बसतात. १९६० मध्ये हॅरियरच्या पूर्वजाने, पी-११२७ने, इंग्लंडमध्ये पहिली तरंगती उड्डाणं केली, ती खड्ड्यावरच्या जाळीवर. जेट खाली निघून जावं म्हणून!

शिट्टी नसली तरी आपटणं असतंच. २० एप्रिल २०२३ला स्टारशिप उडालं तेव्हा इंजिनांच्या झोताने पॅडखालचं काँक्रीट उखडून लांबवर फेकलं. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपलं 'विक्रम' चंद्रावर उतरलं. इस्रोच्या अंदाजानुसार त्याने सुमारे दोन टन चांद्रधूळ १०८ चौरस मीटरवर उडवली.

शेवटचं, पण महत्त्वाचं

एक गोष्ट रिपोर्टमध्ये लिहिली नाही, ती इथे लिहितो. पहिल्या आठवड्यात आम्ही कानात कापसाचे बोळे घालून काम केलं. लॅबचे मामा आमच्यासाठी थांबायचे, त्यांच्या कानात तेही नव्हते. एक दिवस म्हणाले, "काल रात्रभर कानात घंटी वाजत होती रे." आम्ही हसलो. नंतर वाचलं, तेव्हा हसू गेलं. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी आवाज पकडतात त्या माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि अशा जेटच्या शेजारी आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. दुसऱ्या दिवशी पाच इअरमफ आणले. पाचवा मामांचा. मामांची घंटी दोन दिवसांनी थांबली. ते आमचं नशीब, आमची हुशारी नव्हे.

रिग लॅबमध्येच आहे. पितळी त्रिकोणांचं नॉझल आणि साधं नॉझल दोन्ही एकाच डब्यात ठेवलीत, इअरमफ दाराशी खुंटीवर. टीई, एसईवाल्यांनी जरूर या. प्लेट सरकवून सुराची उडी स्वतः ऐका. फक्त खुंटीकडे आधी बघा, व्हॉल्व्हकडे नंतर. आणि हो, रेक्टर सरांना आधी सांगून या. तिसरी तक्रार आली तर ती माझ्या रूम पार्टनरची नसेल एवढं मी बघतो.